टू-स्ट्रोक ग्रास कटर, चेन सॉ आणि ई२० पेट्रोल: काय घालायचं, कसं मिसळायचं आणि कधी काढून टाकायचं

आधी मुद्द्याचं बोलूया. ग्रास कटर, चेन सॉ, पाठीवरचा पॉवर स्प्रेयर, ब्लोअर, खड्डे पाडायचं ऑगर, यातलं टू-स्ट्रोक इंजिनवालं काहीही तुमच्याकडे असेल तर त्याचं मॅन्युअल शोधून काढा आणि इंधनाचं पान वाचा. बहुतेक चांगल्या कंपन्यांनी तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालेल, आणि आपल्या पंपावर आज जे साधं पेट्रोल मिळतं ते आहे २० टक्क्यांचं, त्यालाच ई२० म्हणतात. जून २०२२ मध्ये देशात सरासरी १० टक्के मिश्रण झालं, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० चे पहिले पंप सुरू झाले आणि २०२५ मध्ये ते जवळपास सगळीकडे पोचलं. गाडीचं मायलेज किती पडलं यावर सगळे बोलतात पण या छोट्या मशीनबद्दल कोणी धड सांगत नाही, आणि खरं बघितलं तर जास्त त्रास यांनाच आहे कारण यांच्यात ना सेन्सर ना कॉम्प्युटर, हवा आणि पेट्रोल मिसळणारा एक छोटा कार्बोरेटर आणि दोन-तीन स्क्रू, बस.

अमेरिकेत १० टक्क्यांच्या वरचं पेट्रोल लॉनमोवर, चेन सॉ असल्या मशीनमध्ये घालायला कायद्याने मनाई आहे, पंपावर तसं लेबलच असतं. उलट ब्राझीलमध्ये वर्षानुवर्षं २५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त इथेनॉल पेट्रोलमध्ये आहे आणि तिथेही चेन सॉ चालतातच, कारण तिथल्या मशीनचं सेटिंग आणि रबर त्या हिशोबाने दिलेलं असतं. म्हणजे इथेनॉल हे काही विष नाही, प्रश्न एवढाच की तुमच्या हातातलं मशीन कशासाठी बनवलंय. आपल्याकडे शेतावर, प्लॉटवर, सोसायटीत जी मशीनं आहेत त्यातली बरीचशी ई२० यायच्या आधीची आहेत आणि ती काही आपण फेकून देणार नाही, त्यामुळे ती नीट कशी चालवायची ते बघू.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की ई२० ने मशीन चालू असताना जेवढं बिघडतं त्याच्या कितीतरी पट जास्त ते कोपऱ्यात उभं असताना बिघडतं. चालताना कार्बोरेटर थोडा रिच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त सोडणारा, करून घेतला की बरंचसं निभावतं, पण दिवाळीनंतर टाकीत पेट्रोल तसंच ठेवून मशीन शेडमध्ये टांगलं आणि एकदम जूनमध्ये काढलं तर नाही निभावत.

आत नक्की होतं काय

तीन गोष्टी होतात आणि त्या वेगवेगळ्या आहेत, लोक सगळ्या एकत्र करतात म्हणून उपाय चुकतो.

पहिली गोष्ट म्हणजे मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ. ई२० चा हिशोब केला तर साडेतेराच्या आसपास येतो, म्हणजे शुद्ध पेट्रोलवर सेट केलेल्या कार्बोरेटरमधून ई२० जायला लागलं की इंजिनला हवं त्यापेक्षा साधारण ८ टक्के कमी इंधन मिळतं. ई१० वर सेट केलेलं असेल तर फरक त्याच्या निम्मा. इंजेक्शनवाली गाडी हे स्वतः ओळखून इंधन वाढवते, ग्रास कटरचा कार्बोरेटर मात्र भोक आहे तेवढंच सोडणार. टू-स्ट्रोक मुद्दाम थोडं रिच चालवतात कारण जास्तीचं पेट्रोल आत जाऊन पिस्टन थंड ठेवतं, ते कमी झालं की सिलिंडर तापतो, मशीन विनालोड जास्त पळतं, आणि उन्हात गाजर गवताच्या जाड झुडपात फुल रेसवर अर्धा तास चालवलं तर पिस्टनवर ओरखडे येऊन ते जाम होऊ शकतं.

याच्यातच एक सुरक्षेची गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लीन झालं की आयडल, म्हणजे रेस सोडल्यावरचा इंजिनचा वेग, वाढतं. या मशीनचा क्लच सेंट्रीफ्युगल असतो, आरपीएम ठराविक वर गेलं की आपोआप पकडतो, म्हणजे तुम्ही रेस सोडलेली असताना सुद्धा ब्लेड किंवा चेन फिरत राहू शकते. रेस सोडली आणि काही सेकंदात कटरचं डोकं थांबलं नाही तर ते मशीन वापरायचं नाही, आधी आयडल कमी करायचं, मग बाकीचं. चेन सॉ असेल तर यात अजिबात तडजोड नको.

दुसरी गोष्ट रबर. टाकीतली इंधनाची नळी, प्रायमरचा बल्ब म्हणजे ते दाबायचं पारदर्शक बटण, आणि कार्बोरेटरच्या आतले पातळ डायफ्राम. जुन्या किंवा स्वस्तातल्या रबराला इथेनॉल फुगवतं, मऊ करतं, आणि मग सुकलं की तेच कडक होऊन तडकतं. डायफ्राम कडक झाला की तो इंधन नीट खेचत नाही, मशीन गरम झाल्यावर रेस दिली की दम तोडतं, आणि लोक प्लग बदलत बसतात. त्यात इथेनॉल जुना साठलेला गाळ सोडवतं, त्यामुळे जुन्या मशीनमध्ये पहिल्यांदा ई२० घातलं की टाकीच्या तळाचा सगळा चिकटा सुटून फिल्टरमध्ये येतो. तेव्हा सुरुवातीच्या काही टाक्यांनंतर फिल्टर काढून बघाच.

तिसरी गोष्ट पाणी, आणि इथे आपला पावसाळा येतो. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. थोडं पाणी ते पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवतं, ई१० मध्ये लिटरला साधारण ५ मिलीपर्यंत, ई२० मध्ये त्याहून थोडं जास्त, आणि तोपर्यंत काही कळत नाही. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून खाली बसतात आणि पेट्रोल वर तरंगतं. थंडी पडली की ही मर्यादा अजून खाली येते, त्यामुळे ऑगस्टमध्ये ठीक दिसणारा कॅन डिसेंबरच्या पहाटे दोन थरांत दिसू शकतो. आता टू-स्ट्रोकसाठी हे का वाईट ते बघा, तुमचं टूटी ऑइल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं ऑइल, राहतं वरच्या पेट्रोलच्या थरात आणि टाकीतला फिल्टर असतो तळाला. म्हणजे इंजिनला जातं ते ऑइल नसलेलं पाणी-इथेनॉल. चालू झालंच तर कोरडं चालणार.

एक खरं सांगायला हवं, घट्ट झाकणाच्या भरलेल्या कॅनमध्ये नुसत्या हवेतून एवढं पाणी पटकन जात नाही. पाणी जातं ते पावसात उघड्यावर टाकी भरताना, ओल्या नरसाळ्यातून, अर्ध्या रिकाम्या कॅनच्या आत धरणाऱ्या दवातून, आणि मशीनच्या टाकीला असलेल्या हवेच्या भोकातून. मुळशी, ताम्हिणीकडे, पानशेतकडे ज्यांच्या जागा आहेत त्यांनी हे जास्त मनावर घ्यावं, तिकडचा पाऊस आणि पुण्यातला पाऊस यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पेट्रोल कुठलं घ्यायचं

इथेनॉल नसलेलं किंवा १० टक्क्यांच्या आतलं मिळालं तर तेच घ्या, मॅन्युअलही तेच सांगतं. १०० ऑक्टेनवालं प्रीमियम पेट्रोल पुण्यात काही पंपांवर मिळतं, इंडियन ऑइलने एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये ज्या पहिल्या दहा शहरांत आणलं त्यात पुणं होतं. याच्यात इथेनॉल नसतं असं मशीन विकणारे लोक सांगतात, पण मी म्हणेन ऐकीव गोष्टीवर एवढे पैसे घालू नका, घरी पाच मिनिटांची टेस्ट आहे ती करा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि ९५ ऑक्टेन लिहिलंय म्हणजे इथेनॉल नाही असं अजिबात समजू नका, इथेनॉलचा स्वतःचाच ऑक्टेन शंभरच्या वर आहे, त्यामुळे ऑक्टेनच्या आकड्यावरून इथेनॉल आहे की नाही ते कळतच नाही. जास्त ऑक्टेनने ग्रास कटरची ताकदही वाढत नाही, आपण पैसे देतो ते फक्त इथेनॉल नको म्हणून.

टेस्ट अशी. सायन्सचं सामान विकणाऱ्या दुकानातून १०० मिलीचा उभा मेजरिंग सिलिंडर आणा, बुचाचा मिळाला तर उत्तम. उघड्यावर, गॅस, शेगडी, सिगरेट, स्विच यांपासून लांब, त्यात २० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी घाला आणि वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल, म्हणजे पेट्रोल ८० मिली. ऑइल न घातलेलं पेट्रोल हवं. बूच लावून हलकं हलवा, मध्येमध्ये बूच उघडून वाफ सोडा, आणि दहा मिनिटं ठेवून द्या. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं त्यामुळे खालचा थर वाढतो. रेष वीसलाच राहिली तर इथेनॉल नाही, अठ्ठावीसच्या आसपास आली तर १० टक्के, छत्तीसच्या आसपास आली तर २० टक्के. एखादा मिली इकडेतिकडे होतो त्याने काही बिघडत नाही. रेष नीट दिसत नसेल तर पाण्यात आधीच खायच्या रंगाचा थेंब टाका.

ही टेस्ट बघून काही जणांना वाटतं की मग असंच पाणी घालून सगळंच इथेनॉल काढून टाकू आणि वरचं पेट्रोल वापरू. करू नका. ई२० साठी जे मूळ पेट्रोल येतं ते इथेनॉल धरून ऑक्टेनच्या हिशोबात बसवलेलं असतं, इथेनॉल काढलं की ऑक्टेन पडतो, वरच्या पेट्रोलमध्ये पाण्याचा अंश राहतो, आणि खाली उरलेलं जे पाणी-इथेनॉल-पेट्रोल आहे ते टाकणार कुठे, ते पेट घेतं आणि गटारात ओतायची गोष्ट तर नाहीच.

इथेनॉल नसलेलं नाही मिळालं तर साधं ई२० घ्या, पण जिथे विक्री जास्त आहे अशा पंपावरून, आणि फक्त पुढच्या दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच. अर्ध्या एकरचं गवत असेल तर पाच लिटर एकदम आणून ठेवायची गरज नाही, दोन लिटर पुरतं.

कॅनबद्दल पण बोलतो कारण पंपावर यावरून रोज वाद होतात. बिसलेरीच्या बाटलीत पेट्रोल देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल लायसनशिवाय ठेवायची सूट आहे, पण भांडं घट्ट बुचाचं हवं, काचेचं असेल तर एक लिटरपर्यंत आणि धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. प्लास्टिक त्यात नाही. म्हणून पाच लिटरचा धातूचा जेरी कॅन एकदाच घ्या, आत गंज नाही बघून, रबरी वॉशर चांगला आहे बघून. कॅन गाडीत भरलेला ठेवून उन्हात फिरायचं नाही, आणला की उतरवायचा.

मिसळताना

ऑइलचं प्रमाण मशीनचं मॅन्युअल सांगेल तेच. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. मेडिकलमधून २० मिलीची सुई नसलेली सिरिंज आणा, ५०:१ साठी एका लिटरला बरोब्बर एक सिरिंज. झाकणाने अंदाजे ओतायची सवय सोडा, माळीकाकांना पण एक सिरिंज देऊन ठेवा, त्यांचं काम सोपं होतं.

ऑइल कुठलं, तर डब्यावर जासो एफसी किंवा एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचे जपानी दर्जे) लिहिलेलं, एअर-कूल्ड टू-स्ट्रोकसाठीचं. बोटीच्या इंजिनाचं ऑइल वेगळं असतं ते नको, आणि गाडीचं इंजिन ऑइल तर नकोच. ई२० मध्ये एक जास्तीची खबरदारी घ्या, सगळी ऑइल इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये सारखी विरघळत नाहीत. नवीन ब्रँड आणला तर थोडं मिश्रण काचेच्या बाटलीत करून एक रात्र ठेवा, सकाळी तळाला ऑइलचा थर किंवा धूसरपणा दिसला तर ते ऑइल तुमच्या कामाचं नाही.

कोरड्या कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, झाकण लावून चांगलं हलवा, मग उरलेलं पेट्रोल, परत हलवा. आणि प्रत्येक वेळी टाकी भरायच्या आधी कॅन हलवायचा, हे कॅनवर मार्करने लिहूनच ठेवा, तारीख आणि प्रमाण पण लिहा.

आता सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज. ई२० मुळे इंजिन तापतं म्हणून लोक सांगतात ऑइल जास्त घाला. हे उलटं आहे. कार्बोरेटरच्या भोकातून जितकं मिश्रण जातं त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी झालं, म्हणजे हवेच्या मानाने मिक्स्चर अजून लीन झालं. शिवाय सायलेन्सरची जाळी आणि एक्झॉस्टचं तोंड कार्बनने चोंदतं ते वेगळंच. प्रमाण आहे तेच ठेवा, लीनचा उपाय स्क्रूवर करायचा.

कार्बोरेटरचं सेटिंग

बहुतेक कार्बोरेटरला तीन स्क्रू असतात. एल म्हणजे कमी रेसचं इंधन, एच म्हणजे फुल रेसचं इंधन, आणि तिसरा आयडलचा, ज्याच्यावर टी किंवा एलए लिहिलेलं असतं. एल आणि एच घड्याळाच्या उलट फिरवले की इंधन वाढतं, म्हणजे रिच. काही मशीनमध्ये स्क्रूवर प्लास्टिकच्या टोप्या असतात आणि त्या थोड्याच फिरतात, काहींचं डोकं साध्या स्क्रू ड्रायव्हरने फिरतच नाही, त्याला दातेरी किंवा डी आकाराचा वेगळा ड्रायव्हर लागतो, तो ऑनलाइन सेटमध्ये मिळतो. स्वस्तातल्या मशीनमध्ये कधी कधी एच स्क्रूच नसतो, जेट म्हणजे इंधनाचं भोक फिक्स असतं, तिथे तुम्ही फारसं काही करू शकत नाही आणि अशा मशीनला इथेनॉल नसलेलं पेट्रोल शोधणं हाच खरा उपाय.

हात लावायच्या आधी एअर फिल्टर धुऊन सुकवून घ्या, घाण फिल्टरवर सेटिंग केलं तर फिल्टर साफ केल्यावर ते लीन होतं. मग स्क्रू आत्ता कुठे आहे ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती आटे फिरले ते मोजून लिहा, आवळायचं नाही, आतलं टोक खराब होतं. परत तितकेच आटे बाहेर काढा, इथून सुरुवात. मशीन पाच मिनिटं चालवून गरम करा. ग्रास कटरला दोरीचं डोकं आणि गार्ड लावलेलं असू दे, आजूबाजूला कोणी नको, चष्मा आणि कानाला संरक्षण हवंच.

आधी एल. आयडलवर असताना एल आतबाहेर करून जिथे इंजिन सगळ्यात वेगात चालतं ती जागा शोधा, आणि तिथून साधारण आठवा भाग आटा बाहेर म्हणजे रिचकडे या. रेस झटकन दिली तर दम न तोडता उचललं पाहिजे, दम तोडला तर अजून किंचित बाहेर. मग आयडलचा स्क्रू असा की इंजिन बंद पडत नाही पण कटरचं डोकं किंवा चेन अजिबात फिरत नाही.

मग एच. इथे कान लागतो. फुल रेस विनालोड फक्त काही सेकंद द्या. लीन असेल तर आवाज एकसारखा, बारीक, किंचाळल्यासारखा येतो, डासाच्या गुणगुणण्यासारखा चढत जातो. एच हळूहळू बाहेर काढत गेलात की एका जागी आवाज मध्येमध्ये फडफडायला लागतो, जरा घोगरा होतो. विनालोड थोडी फडफड हवी आणि गवतात घातलं की ती जाऊन आवाज साफ व्हायला हवा, हे बरोबर सेटिंग. गवतात घातल्यावरही फडफडतंय, धूर खूप आहे, ताकद नाही, तर जास्त रिच झालं, थोडं आत. ई२० साठी बहुतेक वेळा मूळ जागेपासून एच अगदी थोडासाच बाहेर लागतो, आटाभर नाही, त्यामुळे आठव्या आट्याने पुढे जा. आरपीएम मोजायचा टॅकोमीटर असेल तर मॅन्युअलमधला जास्तीत जास्त आरपीएम ओलांडत नाही ना ते बघा, प्लगला वायर गुंडाळून चालणारे छोटे टॅको स्वस्त मिळतात आणि ते पैसे वसूल करतात.

शेवटी प्लग बघा. एक टाकीभर नेहमीचं काम करून झाल्यावर प्लग काढा, टोक तपकिरी किंवा हलकं चॉकलेटी असेल तर छान, पांढरंफटक असेल तर अजून लीन आहे, काळं ओलं असेल तर रिच. ई२० मध्ये रंग थोडा फिकटच येतो, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका, आवाज आणि रंग दोन्ही मिळून ठरवा.

एक गोष्ट पुणेकरांसाठी खास. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे हवा विरळ त्यामुळे तोच कार्बोरेटर मुंबई-कोकणाच्या मानाने थोडा रिच चालतो. इथे सेट केलेलं मशीन दापोली, गुहागरकडच्या वाडीत नेलं की तिथे हवा दाट, म्हणजे ते आणखी लीन होणार, आणि ई२० ने आधीच लीन केलेलं असतं. तिकडे पोचल्यावर एच परत कानाने तपासा. महाबळेश्वरला उलटं होतं, ते चालतं, नुकसान नाही.

काम संपल्यावर

हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच लोक टाळतात कारण दमलेलो असतो, घरी जायचं असतं. पण दोन मिनिटांचं काम आहे. पुढचं काम आठवड्याभरात असेल तर टाकी भरून झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा, अर्धी ठेवू नका. पुढचं काम कधी ते माहीत नसेल तर टाकी परत कॅनमध्ये ओता, मशीन चालू करा आणि आयडलवर स्वतः बंद पडेपर्यंत चालू द्या, मग प्रायमर चार-पाच वेळा दाबून उरलेलं टाकीत आणा आणि तेही काढा. फुल रेसवर टाकी संपवायची नाही, शेवटचे थेंब संपताना मिश्रण एकदम लीन होतं.

सीझन संपला, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या शेवटी गवत वाळलं की, वरचं सगळं करून वर प्लग काढा, सिलिंडरमध्ये टूटी ऑइलचे काही थेंब टाका, स्टार्टरची दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत लावा. टाकीचं झाकण सैल न ठेवता लावून कोरड्या जागी टांगा. कोणी म्हणतं डायफ्राम कोरडा ठेवला तर कडक होतो म्हणून पेट्रोल राहू द्या, शुद्ध पेट्रोलच्या काळात ते एकवेळ चालून जायचं, ई२० मध्ये नाही. कोरडा डायफ्राम बदलायला किट मिळतं, कार्बोरेटरची बॉडी आतून पांढरी पावडर धरून खाल्ली गेली की अख्खा कार्बोरेटर जातो.

फ्युएल स्टॅबिलायझर बाटलीत मिळतं ते पेट्रोल शिळं व्हायचं लांबवतं, ताज्या पेट्रोलमध्ये पहिल्या दिवशी घातलं तर. वेगळं झालेलं पाणी ते परत एक करत नाही आणि जुनं पेट्रोल ताजं करत नाही. ज्यांना महिनाभर कॅन ठेवावाच लागतो त्यांनी घ्या, बाकीच्यांना गरज नाही.

आधीच बिघडलेलं असेल तर

मागच्या वर्षीचं पेट्रोल आत आहे आणि आता चालू करायचंय, तर दोरी ओढत बसू नका. आधी टाकी पारदर्शक बाटलीत ओता आणि बघा, दोन थर दिसतायत का, धूसर आहे का, आंबूस-वार्निशसारखा वास येतोय का. यातलं काही असेल तर ते मिश्रण कुठल्याच इंजिनात घालू नका, हलवून परत एक करायच्या भानगडीत पडू नका. ओळखीच्या गॅरेजवाल्याला पार्ट धुवायला द्या, जमिनीत, नाल्यात, संडासात ओतायचं नाही, आपल्याच विहिरीत-बोअरमध्ये जातं ते.

मग वाकवलेल्या तारेने टाकीतून फिल्टर बाहेर ओढा, काळा-चिकट असेल तर बदला. नळी दोन बोटांत दाबून बघा, फुगलेली, चिकट किंवा चिरा पडलेली असेल तर ती पण बदला. नवीन नळी घेताना इथेनॉलला टिकणारी मागा, पिवळी पारदर्शक टायगॉन चांगली, नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांकडे किंवा मार्केट यार्डाच्या बाजूला शेती अवजारांच्या दुकानांत विचारा, आतला आणि बाहेरचा व्यास जुन्या तुकड्यावरून जुळवून घ्या, कारण टाकीच्या भोकात ती घट्ट बसली नाही तर तिथूनच गळती सुरू होते. प्रायमरचा बल्ब तडकला असेल तर तोही, तो अगदी स्वस्त असतो.

एवढं करून ताज्या मिश्रणावर चालू होत नसेल किंवा गरम झाल्यावर दम तोडत असेल तर कार्बोरेटरचं किट. खोलताना प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, कारण डायफ्राम आधी की गॅस्केट आधी हे दोन्ही बाजूंना वेगळं असतं आणि वेगवेगळ्या कंपन्यांचं पण वेगळं, ते उलटं बसलं की मशीन चालूच होणार नाही. जुना डायफ्राम हातात घेऊन वाकवून बघा, कागदासारखा कडकड वाजत असेल तर तुमचं दुखणं तेच होतं. बारीक भोकांत तार घालू नका, कार्ब क्लीनर आणि हवा मारा, डोळ्यांवर चष्मा लावूनच.

पिस्टन तपासायचा असेल तर सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारा, पिस्टनची बाजू गुळगुळीत दिसली तर काळजी नाही, उभे ओरखडे दिसले तर लीन चालल्याची खूण आहे, मग दुरुस्तीचा खर्च आणि नवीन मशीनची किंमत दोन्ही विचारून ठरवा.

नवीन घेताना दुकानदाराला सरळ विचारा की हे ई२० ला चालतं का, आणि तोंडी हो म्हणाला तर मॅन्युअलमधलं पान दाखवायला सांगा, तिथे १० टक्के लिहिलं असेल तर वॉरंटीच्या वेळी तेच पान तुमच्यासमोर येणार. एच स्क्रू हाताने फिरवता येतो का, कार्बोरेटरचं किट आणि नळी सुटी मिळते का हे पण आधीच विचारून घ्या. ज्यांचं काम सोसायटीच्या लॉनपुरतं, वीज जवळ, आठवड्यातून एकदा, त्यांनी बॅटरीवालं बघायला हरकत नाही. पण पौडच्या पलीकडे डोंगरउतारावर घाणेरी आणि पुरुषभर गवत साफ करायचंय तिथे अजून टू-स्ट्रोकच लागतो, आणि तिथे जाताना कॅनमध्ये त्या दिवसापुरतंच मिश्रण न्या, उरलं तर संध्याकाळी परत घरी आणा, मशीनच्या टाकीत ठेवून शेडला कुलूप लावू नका.